शाळा, नांगर आणि काचेची भट्टी



लक्ष्मी आणि सरस्वती एका घरी नांदत नाहीत, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून म्हणतात. म्हणणाऱ्याचा रोख बहुधा एखाद्या दरिद्री शास्त्र्यावर, नाहीतर अक्षरशत्रू सावकारावर असतो. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांतला आपल्या मुलखाचा इतिहास चाळला, तर ह्या दोघींची गाठ घालून देण्याची खटपट पुष्कळांनी केलेली दिसते. काहींना ती साधली, काहींची फिसकटली. साधली ती का साधली आणि फिसकटली ती का फिसकटली, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा विषय वसंत व्याख्यानमालेला परका नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ह्या मालेचा पायंडा पाडला, आणि त्याच रानड्यांनी १८९० साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत देशी उद्योगधंद्यांचा प्रश्न लोकांपुढे मांडला. व्याख्याने ऐकणारा वर्ग आणि कारखाने काढणारा वर्ग हे दोन वेगळे वर्ग राहता कामा नयेत, हे त्यांनी ओळखले होते. आज ह्या मांडवात शिक्षक बसले आहेत, पेढीवाले बसले आहेत, वर्कशॉप चालवणारेही बसले आहेत. तेव्हा ज्यांच्याविषयी बोलायचे ते सगळे समोरच आहेत.

पूर्वी धंदा शिकायची जागा म्हणजे बापाचे घर. सुताराचा मुलगा रंधा धरी, तांबटाचा मुलगा ठोकणी धरी, आणि जातीबाहेरच्या पोराला त्या पडवीत शिरकाव नसे. इंग्रजी अमलात शाळा निघाली ती ह्या पडवीकडे पाठ करूनच. तिने कारकून तयार केले, वकील तयार केले, मोठी माणसेही तयार केली. परंतु हत्यार हातात धरायला तिने शिकवले नाही. सरकारने १८५० साली उमेदवारीचा एक कायदा केला होता खरा. त्याचा मुख्य उद्देश अनाथ आणि गोरगरीब मुलांना धंद्याला लावून देणे हा होता. दहा वर्षांवरच्या आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला बापाने अगर पालकाने करारपत्र करून एखाद्या धंदेवाल्याकडे बांधून द्यावे, मुदत जास्तीत जास्त सात वर्षांची. 'बांधून' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. त्या करारात मुलाच्या मताला फारसे मोल नव्हते, आणि शाळा तर त्यात कुठेच नव्हती.

शाळा आणि कारखाना ह्यांची पहिली मोठी गाठ आपल्या इलाख्यात पडली ती मुंबईत. गिरण्यांना देशी जाणकार हवे होते. विलायतेतून माणसे आणणे परवडत नव्हते. त्यातून १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आणि तिच्या उभारणीत मुंबईच्या गिरणीमालकांचा हात मोठा होता. सर दिनशा पेटिट हे त्यांतले ठळक नाव. ह्या संस्थेत यंत्रांचे आराखडे काढायला शिकवणारे एक मास्तर होते. मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. चित्रकार व्हायला म्हणून ते मुंबईला आले होते. पण काही रंग नीट ओळखू येत नाहीत असे निघाले, म्हणून कुंचला ठेवून त्यांनी पट्टी आणि कंपास उचलला. पुढे बढतीची पाळी आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली गेली, आणि मास्तर राजीनामा देऊन बेळगावला निघून गेले. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. गिरणीमालकांच्या मदतीने निघालेल्या शाळेने आपला एक शिक्षक असा घालवला, आणि देशाला एक कारखानदार मिळाला. इतिहासात असे आडवळणाचे फायदे पुष्कळ सापडतात. त्यांचे श्रेय मात्र कोणी घेऊ नये.

लक्ष्मणरावांकडे आपण पुन्हा येणारच आहोत. त्याआधी तळेगावला जाऊ या.

अंताजी दामोदर काळे हे काही श्रीमंत गृहस्थ नव्हते. त्यांच्या डोक्यात एक साधा हिशेब होता. प्रत्येक माणसाने देशाच्या उद्योगधंद्यांसाठी वर्षाला एक पैसा द्यावा. त्या काळी चौसष्ट पैशांचा रुपया. म्हणजे लाख माणसांनी पैसा दिला तरी जमतात १,५६२ रुपये ८ आणे. लाख माणसे गाठण्याच्या पायपिटीकडे पाहिले तर रक्कम अगदी लहान. पण देणाऱ्यांची संख्या पाहिली तर हे प्रचंड भांडवल होय, कारण एवढी माणसे त्या कारखान्याला आपला म्हणू शकतात. लोकमान्य टिळकांनी ह्या पैसा फंडाला उचलून धरले, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. ह्याच वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हा कारखाना नुसता कारखाना नव्हता, ती शाळाही होती. परदेशात काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय ह्यांच्या हाती तिची सूत्रे होती. इथे घंटा वाजवून तास भरवता येत नसत. इथला खरा मुख्याध्यापक म्हणजे भट्टी. वाळू, सोडा आणि चुना ह्यांचे मिश्रण कुंड्यांत वितळवायला प्रचंड उष्णता लागते, आणि एकदा पेटवलेली भट्टी रात्री विझवून सकाळी पुन्हा पेटवता येत नाही. ती रात्रंदिवस जळत ठेवावी लागते, नाहीतर कुंड्या तडकतात आणि आतला माल वाया जातो. म्हणजे शिकणाऱ्याने भट्टीच्या वेळापत्रकाप्रमाणे चालायचे. लोखंडी फुंकणीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, फुंकर मारता मारता नळी हातात फिरवत राहायचे, हात थांबला की गोळा एका बाजूला ओघळलाच. तयार झालेले भांडे एकदम थंड हवेत ठेवले तर ते आपोआप फुटते, म्हणून ते सावकाश निववावे लागते. हे पुस्तकात चार ओळींत लिहिता येते; हाताला यायला वर्षे लागतात.

सांगायचा मुद्दा असा की, ज्या कारखान्याला फक्त नफा मिळवायचा आहे तो शिकाऊ मुलाच्या हातात फुंकणी सहसा देणार नाही. दहा भांडी फुटणार, जळण फुकट जाणार, कुशल कारागिराचा वेळ मोडणार. तळेगावला हा तोटा सोसला गेला, कारण तोटा सोसण्यासाठीच लोकांनी पैसा पैसा दिला होता. फुटलेली भांडी हा तिथला शिक्षणखर्च होता असे म्हटले तरी चालेल. आणि ह्या खर्चाचे फळ एकट्या तळेगावला मिळाले नाही. तिथे तयार झालेली माणसे देशातल्या निरनिराळ्या काचकारखान्यांत पसरली, खुद्द वार्ष्णेयही पुढे उत्तरेत गेले आणि त्यांनी तिकडे हा धंदा वाढवला. हिशेबाच्या वहीत अशी माणसे नावे पडतात, जमेच्या बाजूला दिसत नाहीत. देशाच्या वहीत उलट.

ह्याच तळेगावात प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय होते. राष्ट्रीय शिक्षणाची ती शाळा. उद्योगाचे शिक्षण हा तिच्याही उद्देशांतला एक भाग. १९१० साली सरकारने ती बंद पाडली. काचेची भट्टी मात्र जळत राहिली. राज्यकर्त्यांना शाळेची भीती वाटते तेवढी बाटल्यांची वाटत नाही, हे त्यांचे अज्ञान आपल्या पथ्यावर पडले, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता साताऱ्याकडे वळू. बेळगावला लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर घडवला, पण विकेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता; पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे कारखान्याची जागाही नगरपालिकेच्या वसाहतवाढीत गेली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिले, वर दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगर तयार होऊ लागले. पण गावोगाव जाऊन तो शेतकऱ्याच्या गळी उतरवणार कोण? ज्याला शेतकऱ्याची भाषा येते, ज्याच्यावर त्याचा विश्वास बसतो, असा माणूस हवा होता. तो मिळाला : भाऊराव पायगोंडा पाटील, जन्म १८८७, मुक्काम कुंभोज, शिक्षण इंग्रजी सहावीच्या पलीकडे नाही.

भाऊरावांनी किर्लोस्करांचा नांगर विकला. ओगल्यांच्या कारखान्यासाठीही ते हिंडले. कराडजवळ १९१६ साली निघालेला हा ओगल्यांचा काचकारखाना 'प्रभाकर' कंदिलामुळे घरोघर ठाऊक झाला. विक्रेत्याचा हा धंदा आपण हलका समजतो. पण विचार करा, नांगर विकायचा म्हणजे समजुतीशी झुंजायचे. शेतकऱ्याला जाहिरात वाचता येत नाही, दरपत्रक वाचता येत नाही, कर्जाच्या कागदावर काय लिहिले आहे तेही कळत नाही. पाऊल टाकावे तिथे भाऊरावांना हीच अडचण आडवी आली असली पाहिजे. कारखानदाराला गिऱ्हाईक हवे होते, आणि शहाणे गिऱ्हाईक शाळेवाचून तयार होत नाही. रयत शिक्षण संस्थेच्या जन्माची कारणे सत्यशोधक चळवळीत आणि शाहू महाराजांच्या कार्यात आहेत, हे सर्वांना माहीत आहे. परंतु गावोगावच्या ह्या नांगराच्या फेऱ्यांनाही त्यात थोडा वाटा दिला पाहिजे. ४ ऑक्टोबर १९१९, विजयादशमीच्या दिवशी, कराड तालुक्यातल्या काले येथे संस्था स्थापन झाली. तेव्हा संस्थापकाच्या पायांना विक्रीच्या फेऱ्यांची धूळ लागलेलीच होती.

ह्यानंतरचा अध्याय कटू आहे, पण तो टाळून चालणार नाही. साताऱ्याचे धनजीशा कूपर ह्यांनी भाऊरावांना हाताशी धरून १९२२ च्या सुमारास सातारा रोड येथे नांगरांचा कारखाना काढला. धनजीशा काही लहानसहान असामी नव्हते. पुढे १९३७ साली काही महिने ते मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही झाले. भाऊरावांनी ह्या कारखान्यासाठी जीव ओतला तो पगारासाठी नव्हे. कारखान्याच्या मिळकतीतून रयतेच्या मुलांच्या शिक्षणाला वाटा मिळावा, ही त्यांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. दोघांचे बिनसले आणि भाऊराव बाहेर पडले. ह्या भांडणाच्या अनेक चुरचुरीत कथा सातारकडे सांगतात. त्या मी इथे सांगत नाही, कारण त्यांच्यामुळे मुख्य गोष्ट झाकली जाते. ती अशी की, शाळेचा वाटा माणसामाणसांतल्या विश्वासावर टांगून ठेवला होता. कारखान्याच्या कारभारात शाळेला जागा नव्हती, मत नव्हते. मालकाचे मन फिरले की शाळेच्या हाती उरते ती तक्रार. तळेगावला देणारे हजारो होते आणि एकाचे मन फिरले तरी भट्टी विझत नव्हती. सातारा रोडला देणारा एकच होता. उत्तम माणसे दोन्हीकडे होती. फरक रचनेत होता.

पुढे १९४० साली वालचंद हिराचंदांनी हा कारखाना घेतला. भाऊराव तोवर फार पुढे निघून गेले होते.

१९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवतात हे पाहून १९२७ साली गांधीजींनी समाधान व्यक्त केले, आणि त्यांच्याच हस्ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे त्याचे नामकरण झाले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले, ही कथा सांगताना महाराष्ट्राचा आवाज अजून जड होतो. परंतु दागिने एकदाच मोडता येतात. रोजची व्यवस्था चालली ती दोन गोष्टींवर : घरोघरची मूठमूठ धान्याची वर्गणी, आणि मुलांचे स्वतःचे श्रम. 'कमवा आणि शिका' ही योजना ती हीच. दळण, स्वयंपाक, बागेतले खणणे, शेतावरचे काम, इमारतीला दगडमाती वाहणे. १९४० साली साताऱ्यात निघालेले महाराजा सयाजीराव विद्यालय ह्याच पायावर उभे राहिले.

इथे एक शंका कोणाही शहाण्या माणसाच्या मनात यावी. मुलांकडून काम करून घ्यायचे आणि त्याला शिक्षण म्हणायचे, ह्यात फसवणूक नाही कशावरून? ही शंका १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत निघालीच होती. शाळेत मुलांनी केलेल्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, अशी गांधीजींची कल्पना. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह ह्यांनी तिला उघड विरोध केला. झाकीर हुसेन समितीने योजनेला आकार दिला. पण मिळकतीच्या मागे लागून शिक्षणाचा हेतूच बाजूला पडण्याचा धोका आहे, असा इशाराही आपल्या अहवालात देऊन ठेवला. मला तो इशारा सबंध योजनेइतकाच मोलाचा वाटतो. रयतेच्या वसतिगृहात ह्या धोक्याला एक बांध होता : मुलाच्या श्रमाचे फळ तिऱ्हाइताच्या गल्ल्यात जात नव्हते, त्याच्याच ताटात पडत होते. जिथे ते तिऱ्हाइताच्या गल्ल्यात जाते, तिथे शाळेच्या माणसाने वही घेऊन बाजूला उभे राहिले पाहिजे.

श्रमांबरोबर नावाचाही प्रश्न आला. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. कॉलेजला आपल्या पसंतीचे नाव द्याल तर मोठी देणगी देतो, असे कोणी धनिक म्हणाला, आणि भाऊरावांनी एक वेळ वडिलांचे नाव बदलीन पण कॉलेजचे बदलणार नाही असे उत्तर दिले, ही हकीकत साताऱ्यात सर्वतोमुखी आहे. अनेकजण ती बाणेदारपणाचा नमुना म्हणून सांगतात. मी तिच्यात सातारा रोडचा अनुभव पाहतो. शाळेने धनिकाकडून काय घ्यावे ह्यापेक्षा त्याच्या हाती काय सोपवू नये, हे ज्याला एकदा ठेच लागून कळले आहे त्याचे ते उत्तर आहे. १९५९ साली भाऊराव गेले. आज संस्थेच्या शाखा सातशेहून अधिक आहेत.

स्वातंत्र्यानंतर ह्या नात्याने नवे रूप घेतले ते साखरेच्या पट्ट्यात. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीने आणि धनंजयराव गाडगिळांच्या मार्गदर्शनाने १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. १९६४ साली त्याच परिसरात प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था निघाली. उसाच्या टनामागे ठरावीक रक्कम कापून शिक्षणाकडे वळवायची, अशी पद्धत अनेक कारखान्यांनी घातली. पैसा फंडाचीच ही पुढची पायरी, फक्त पैशाच्या जागी ऊस आला. सभासदाच्या बिलातून कापले जाते ते सभासदाच्या मुलासाठी. गावोगाव विद्यालये उभी राहिली, त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु १९८३ सालापासून विनाअनुदान तांत्रिक महाविद्यालयांना वाट मोकळी झाली, आणि कारखान्याने शाळेला मदत करण्याऐवजी काही ठिकाणी शाळाच कारखान्यासारखी चालू लागली. शिवाय ज्याच्या हाती कारखाना त्याच्याच हाती संस्था, असे झाले की हिशेब विचारणारा तिसरा माणूस उरत नाही. ह्याविषयी अधिक बोलण्याची गरज नाही. श्रोत्यांपैकी ज्यांनी मुलांच्या प्रवेशासाठी खेटे घातले आहेत त्यांना ते माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

कायद्यानेही ह्या काळात दोन पावले टाकली. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा नवा कायदा झाला. आता वयाची मर्यादा चौदा आली, विद्यावेतन आले, आणि उमेदवार हा कामगार नसून शिकणारा आहे असे स्पष्ट लिहिले गेले. हे शेवटचे वाक्य दुधारी आहे. शिकणारा म्हणून त्याला शिकवणे मालकावर बंधनकारक झाले. कामगार नाही म्हणून कामगारांचे पुष्कळ हक्कही त्याच्यापासून दूर राहिले. दुसरे पाऊल २०१३ च्या कंपनी कायद्याचे. मोठ्या कंपन्यांनी मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातला निदान दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्चावा, आणि शिक्षण हे त्यांतले एक कार्य. भाऊरावांना जे एका माणसाच्या शब्दावर मागावे लागले ते असे नव्वद वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आले. मात्र पैसा कोणत्या शाळेला, कशासाठी द्यायचा हे ठरवणे अजून देणाऱ्याच्याच हाती आहे, आणि आपल्या गावातल्या लेथवाल्याला, छापखानेवाल्याला किंवा मोटार-दुरुस्तीवाल्याला हा कायदा लागूही होत नाही.

त्यांच्यासाठी एक वेगळा धडा पुणे जिल्ह्यातल्या पाबळला घातला गेला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून ते ह्या पावसाने तोंड फिरवलेल्या गावी आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम काढला. तिथे आकारलेला अभ्यासक्रम पुढे माध्यमिक शाळांतही गेला. आठवड्यातला एक दिवस मुले हाताने काम करतात : जोडकाम आणि बांधकाम, वीज आणि पाणी, शेती आणि जनावरे, आहार आणि आरोग्य. शिकवायला गावातलाच वेल्डर, गावातलाच वायरमन. त्याच्याजवळ पदवी नसते, पण दुकान असते आणि हात असतो, आणि एका दिवसापुरता तो शाळेचा गुरुजी होतो. मुले सरावासाठी खोटेनाटे नमुने करीत बसत नाहीत. कोणाच्या गोठ्याचे फाटक करायचे असते, कोणाच्या घरात दिव्याची जोडणी करायची असते, कोणाच्या जमिनीची माती तपासायची असते. काम गावाचे, देखरेख शिक्षकाची, आणि कामाचा मोबदला शाळेच्या वहीत जमा. फाटक वाकडे बसले तर गोठ्याचा मालक तसे तोंडावर सांगतो, आणि मग ते काढून पुन्हा बसवावे लागते.